बिनकठड्याचा जिना

कोपरखैरण्याच्या त्या घराची आठवण झाली की अजूनही माझ्या तळपायांना घाम सुटतो. आम्ही वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो, एक खोली आणि मोरी. खाली घरमालक आणि त्यांची बायको. वर जायचा जिना त्यांच्या घरातूनच होता. चौदा पायऱ्या, शिडीसारख्या उभ्या, जेमतेम दीड फूट रुंद. एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. पहिल्या दिवशी सामान चढवताना मी भिंतीला चिकटून एकेक पायरी चढले आणि वर पोचल्यावर घरमालकांना विचारलं, "बाबा, कठडा बसवायचा राहिलाय का?"

"ऱ्हायला न्हाय. लावलाच न्हाय," ते म्हणाले. "कठडा कशाला? पाय हायत की."

बाबा साताऱ्याकडचे. तीस वर्षं मार्केटात माथाडी. पाठीवर क्विंटलची गोणी घेऊन ट्रकातून गोदामात उतरायचं आणि मध्ये फक्त हातभर रुंदीची फळी. त्या फळीवर आपला पाय एकदाही चुकला नाही, हे ते भेटेल त्याला सांगत. "डोळं नुसतं शोभंला असत्यात, बाई. बघत्यात ते पाय." मी वाशीच्या एका शाळेत शिकवायचे म्हणून मी 'बाई'. रोज संध्याकाळी ते मोरीत बसून तोंड धुवायला लागतो त्याच्या चौपट वेळ पाय धूत बसत. मग खोबरेल तेलाची वाटी घेऊन एकेक बोट निवांत चोळत. चपला त्यांनी कधी घातल्या नाहीत. चपलेत पाय आंधळा होतो म्हणत.

गल्लीत त्यांना शिष्ट समजत. कुणी बाजूने रामराम घातला तर ते सरळ पुढे निघून जात. तोच माणूस समोरून आला तर दोन्ही हात जोडून उभे राहत. हाक मारली तर मान वळवत नसत, अख्खे वळत, बैलगाडी वळवावी तसे. जेवताना ताटाच्या कडेची भाजी तशीच राहायची आणि ते विचारत, "आज भाजी न्हाय व्हय?" त्यांची बायको, म्हणजे आमची मावशी, काही न बोलता ताट फिरवून द्यायची. आणि घरोघरी दिवे लागले की ते उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नसत, मग दारात कुणीही येऊन बोलावू दे.

हे सगळं मी तऱ्हेवाईकपणा म्हणून सोडून दिलं होतं. डोळ्यांची शंका यायला जागाच नव्हती. बसस्टॉपवर उभं असताना लांबून येणाऱ्या बसची पाटी माझ्या आधी ते वाचत. चष्मा लावून पेपरातल्या बारीक जाहिराती मोठ्याने वाचून दाखवत. "माझी नजर म्हंजी घारीची," म्हणत, आणि ते खरंच होतं. फक्त ती घारीची नजर एका रुपयाएवढ्या भोकातून बाहेर पडत होती, हे आम्हा कुणाला ठाऊक नव्हतं.

मावशीला होतं. पण मावशीबद्दल माझं मत फार वाईट होतं. इतकी तोंडाळ बाई मी पाहिली नव्हती. सकाळी डोळे उघडल्यापासून तिचं सुरू. "आवं, उंबऱ्यात बादली हाय, कुनी मेल्यानं ठिवली!" "आवं, पोरीची गाडी पडलीया वाटंत, कुनाची तरी तंगडी मोडंल!" "आवं, दार अर्धं उघडं हाय, कपाळमोक्ष व्हायचा!" नवऱ्याच्या दोन पावलं पुढे चालायची आणि तोंडाचा पट्टा चालू. बाबा हसत. "माझी बायकू म्हंजी बिनबटनाचा रेडिओ. बंदच करता येत न्हाय." मला त्या माणसाची दया यायची.

आमची मनू तेव्हा दीड वर्षाची. मी सकाळी साडेसहाला शाळेत निघायचे, नवरा तुर्भ्याच्या कारखान्यात, म्हणून दिवसभर मनू मावशीपाशी असायची. तिला खाली न्यायचं काम बाबांनी स्वतःकडे घेतलं होतं. तिला गोणीसारखी खांद्यावर टाकायचे, एक हात तिच्या पाठीवर, दुसरा मोकळा सोडलेला, भिंतीलाही न टेकवता. मनू खिदळायची. मी दुसरीकडे बघायचे. खाली जिन्याच्या तोंडाशी मावशी उभी. "सातवी फुटलीया, सरकून टाका! भिताडाला लागून या! शेवटची हाय, शेवटची!" रोज तेच. मी मनात म्हणायचे, तीस वर्षं फळीवरून चाललेल्या माणसाला ही काय पायऱ्या शिकवते?

त्या वर्षी मे महिन्यात मावशीचा भाऊ वारला आणि ती दिवसकार्यासाठी गावी गेली. दोन आठवडे तरी लागणार होते. निघताना पिशवी हातात घेऊन ती दारातच घुटमळली. "बाई, ह्यांच्यासंगं जरा बोलत ऱ्हावा," म्हणाली. आणखी काहीतरी तिच्या ओठांवर होतं. पण बाबा मागेच उभे होते, म्हणून ती गेली.

घर एकदम शांत झालं. शाळेला सुट्टी होती, मी दिवसभर घरीच. पहिल्या दिवशी त्या शांततेचं मला बरंच वाटलं. दुसऱ्या दिवशी तिच्यातून आवाज यायला लागले. पातेलं कलंडल्याचा. खुर्ची सरकल्याचा. दाराला काहीतरी धडकल्याचा आणि मग बराच वेळ काहीच नाही. खाली डोकावलं की बाबा म्हणत, "मांजर हाय, मांजर." तिसऱ्या दिवशी त्यांच्या नडगीवर हळद लावलेली दिसली, दोन ठिकाणी. कपाळावर टेंगूळ.

"मांजरानं मारलं का?" मी विचारलं.

ते हसले नाहीत.

त्या दिवशी दुपारी ते दारात बसून पेपर वाचत होते. मनू त्यांच्या डाव्या हाताला बसून त्यांच्या चहाच्या पेल्याकडे सरकत होती. गरम चहा. हातभर अंतरावर मूल पेल्याला हात घालतंय आणि ते मोठ्याने बातमी वाचतायत. मी धावत जाऊन पेला उचलला. त्यांना कळलंच नाही. मग मला काय वाटलं कोण जाणे, मी त्यांच्या बाजूला तशीच उभी राहिले, श्वास रोखून, आणि माझा हात त्यांच्या कानाजवळ धरला. बोटं हलवली. काही नाही. हात हळूहळू पुढे नेला. गाल. भुवई. काही नाही. हात जवळजवळ नाकासमोर आला तेव्हा ते दचकले.

"काय वो बाई, माशी बसली व्हय?"

"हो," मी म्हटलं.

वर जाऊन मी मनूला घट्ट धरून बसले. वर्षभर, रोज, सहा-साडेसहाच्या अंधुक उजेडात, चौदा पायऱ्या. मावशीची एकेक ओरड मला आठवू लागली. ती भांडत नव्हती. ती नवऱ्याला रस्ता सांगत होती, गल्लीला कळू नये म्हणून भांडणाच्या आवाजात.

नवऱ्याला सांगावं की आधी बाबांशी बोलावं, ते मला ठरवता येईना. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमाराला मी कणीक मळत होते. मनू दाराशी खेळत होती. तिचं खिदळणं ऐकू आलं आणि मी वळून पाहिलं तर बाबा वर येऊन तिला खांद्यावर टाकून जिन्याकडे वळलेलेसुद्धा. कोपऱ्यावरच्या गोठ्यात नवं वासरू आलं होतं, ते तिला दाखवायचं होतं. त्यांनी पहिल्या पायरीवर पाय टाकला. आणि तिसऱ्या पायरीवर, उजव्या कडेला, मीच दुपारी ठेवलेली बादली होती. फरशी पुसून झाल्यावर खाली न्यायची म्हणून ठेवलेली, पाण्याने अर्धी भरलेली, वर येताना नुसत्या नशिबाने त्यांच्या पायाला न लागलेली.

मी ओरडणार होते. पण ओरडले असते तर ते वळले असते. अख्खे वळले असते. दीड फुटाच्या पायरीवर, माझ्या मुलीला घेऊन.

कणकेचे हात तसेच हवेत. त्यांनी दुसऱ्या पायरीवर पाय टाकला. आणि माझ्या तोंडून जे बाहेर पडलं ते माझं नव्हतं.

"किती वेळा सांगायचं! तिसरीवर बादली आहे उजव्या अंगाला! भिंतीला लागून चला!"

ते थांबले. वळले नाहीत. क्षणभर त्यांची पाठ ताठ झाली. मग त्यांचा मोकळा हात हळूच भिंतीवर गेला. तो हात भिंतीला लागलेला मी पहिल्यांदाच बघत होते. उजवा पाय पुढे सरकला, बादलीला घासला, आत आला, टेकला.

"आता चौथी. कोरडी आहे. पाचवी. सहावी. सातवी फुटलीय, सरकून टाका. किती वेंधळेपणा करायचा माणसानं! आठवी..."

वर्गात ओरडायच्या आवाजात मी चौदाव्या पायरीपर्यंत त्यांना झापत राहिले. खाली पोचल्यावर ते शेवटच्या पायरीवर बसले. मनूला खांद्यावरून उतरवून जमिनीवर ठेवलं. त्यांच्या मानेवरून घाम ओघळत होता.

"तुला बी कळलं म्हन की," ते म्हणाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी मला अगंतुगं केलं.

चार वर्षं झाली होती. आधी कडा गेल्या, मग कडांनी आत आत यायला सुरुवात केली. "नळीतनं बघितल्यागत दिसतंय. नळीत जेवढं हाय तेवढं एकदम चोख." मार्केट सोडलं ते, सगळ्यांना सांगितलं तसं, पाठ दुखते म्हणून नव्हे. फळीवर एकदा पाय कडेला पडला होता. गोणी खाली गेली, ते कसेबसे राहिले. खाली एक माणूस उभा होता, त्याच्यापासून हातभर अंतरावर गोणी फुटली. दुसऱ्या दिवशी त्यांनी काम सोडलं.

"डॉक्टरला का नाही दाखवलंत?"

"त्यो काय सांगंल ते मला ठावं हाय." मग ते माझ्याकडे वळले, मी त्यांच्या नळीत येईपर्यंत. "तिला येऊ दे गावासनं. तवर कुनाला सांगू नकोस. माझ्या पोराला तर अजाबात न्हाय. त्यो मला उचलून गावाकडं खाटंवर नेऊन टाकंल."

मुलगा घणसोलीला राहायचा, मार्केटात टेम्पो चालवायचा. मी कबूल केलं. बदल्यात दोन गोष्टी मागितल्या. जिना चढायचा नाही आणि मनूला उचलायचं नाही. त्यांनी मान हलवली. तेवढ्यात मनूने त्यांच्याकडे हात पसरले. त्यांनी आपले दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि एकमेकांत अडकवून ठेवले.

पुढचे चार दिवस मी फक्त कान झाले होते. ते मोरीत गेले की मी जिन्याच्या तोंडाशी. स्टोव्ह पेटवला की मी जिन्याच्या तोंडाशी. वाटेतलं सगळं उचलून कडेला ठेवलं, भांडी, चपला, स्टूल. त्यांनी कुरकुर केली. वस्तू जागेवरून हलल्या की त्यांची घराची ओळखच हरवायची. म्हणजे मी मदत करायला गेले आणि त्यांना घरातच परकं केलं. नवऱ्याला मी काही सांगितलं नाही. चुकलं माझं. ते मी तेव्हाही जाणत होते.

पाचव्या दिवशी सकाळी दहा वाजता ते दूध आणायला निघाले. रोजचा रस्ता, शंभर पावलांचा. मी खिडकीतून बघत होते. ताठ मान, अनवाणी पाय, गल्लीच्या कडेने गटारावरच्या फरश्यांवरून. त्या फरश्या त्यांच्या पायांना पाठ होत्या. पण पावसाळा जवळ आला होता आणि गटारं साफ करणाऱ्यांनी सकाळीच दोन फरश्या उचलून ठेवल्या होत्या. मला ते भोक दिसलं तेव्हा ते त्याच्यापासून तीन पावलांवर होते.

"बाबा!"

हाक मारली की ते वळत. वळले. आणि वळतावळता भोकात गेले.

मी कशी उतरले ते मला आठवत नाही. मी पोचले तेव्हा ते कमरेपर्यंत गाळात होते, एक हात शरीराखाली दुमडलेला, हनुवटीतून रक्त येत होतं. समोरच्या कट्ट्यावर दोन पोरं बसली होती.

"काय अंकल, सकाळीच टाईट?" एक म्हणाला आणि दुसरा हसला.

बाबांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. "टाईट नाहीत ते!" मी ओरडले. "दिसत नाही त्यांना! दिसत नाही, कळलं?"

गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. दिलेला शब्द मी असा मोडला. गाळातून बाबा माझ्या आवाजाच्या दिशेने बघत होते. त्या पोरांनीच मग त्यांना उचललं, रिक्षात घातलं. एक जण स्वतःचा शर्ट त्यांच्या हनुवटीला दाबून दवाखान्यापर्यंत आला.

हाताचं हाड मोडलं होतं, दोन बरगड्यांना चीर होती. प्लास्टर ओलं असताना ते बाकावर बसून राहिले. मी माफी मागायला शब्द शोधत होते. तर तेच म्हणाले, "माझा बाप इहिरीत पडून मेला, ठावं हाय का तुला?"

मला ठाऊक नव्हतं.

"मी सतरा वर्सांचा होतो. बापाचं लई दिवस बिनसल्यालं. सारखा धडपडायचा, भांडी लवंडायचा. त्या दिशी आईनं अंगनात जोंधळं वाळत घातल्यालं. ह्यो त्याच्यावरनं चिखलाचं पाय घिऊन गेला. आई वरडली, डोळं फुटलं का तुजं? त्यो काय बोलला न्हाय. मळ्याकडं गेला. सांजच्याला इहिरीत गावला." त्यांनी प्लास्टरवरचा चुना नखाने खरवडला. "गाव म्हनलं, बायकूच्या बोलन्यापायी जीव दिला. तवापासनं माझ्या आईनं कुनाला वरच्या आवाजात काय म्हनलं न्हाय. अजून हाय ती. पंच्याऐंशीच्या पुढं हाय. अजून म्हनत न्हाय."

मी बाकावर त्यांच्या शेजारी सरकून बसले.

"त्या इहिरीला कठडा न्हवता," ते म्हणाले. "आज गटारात पडता पडता मला वाटलं, बापाला बी असंच वाटलं आसंल. की पाय टेकनार. जमीन हाय."

पुढच्या आठवड्यात मावशी आली. तिला बघताच मी रडले आणि ती मलाच रागावली, पण हळू आवाजात. आता मोठ्याने रागवायची तिला गरज उरली नव्हती. त्यानंतर आम्ही तिघं वाशीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. डॉक्टर तरुण बाई होती. अंधाऱ्या खोलीत बाबांना एका यंत्रासमोर बसवलं. उजेडाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. मी दाराशी उभी होते. एकामागून एक ठिपके येत होते आणि बटणाचा आवाज येत नव्हता. त्या शांततेची मला जिन्याहून जास्त भीती वाटली.

काचबिंदू होता. डॉक्टरबाईने कागदावर एक मोठं वर्तुळ काढलं, ते सगळं काळं केलं आणि मध्ये लहानसं भोक ठेवलं. "गेलंय ते परत येणार नाही, बाबा. हे मधलं उरलंय, ते राखायचा प्रयत्न करू. थेंब रोज घालायचे, एक दिवस चुकवायचा नाही. आणि हा आजार घराण्यात असतो. तुमच्या भावंडांना, मुलांना तपासायला सांगा."

"माझा पोरगा टेम्पो चालवतो," बाबा म्हणाले.

मुलाला दुसऱ्याच दिवशी बोलावलं. त्याच्या डोळ्यांत दाब वाढायला लागला होता, पण नजर अजून शाबूत होती. त्यालाही थेंब सुरू झाले. त्याने बापाला खाटेवर नेऊन टाकलं नाही. त्याने लोहार आणला, जिन्याला लोखंडी कठडा बसवला आणि प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळा रंग मारला. ड्रिलचा आवाज चालू असताना बाबा जिन्याकडे पाठ करून बसून राहिले. आठवडाभर त्यांनी कठड्याला हात लावला नाही. मग एक दिवस लावलेला मी पाहिला आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

दवाखान्यातून निघताना बाबांनी त्या डॉक्टरबाईला एकच प्रश्न विचारला होता. पंचेचाळीस वर्षांमागे मेलेल्या माणसाला हाच रोग असेल का? ती म्हणाली, "तपासल्याशिवाय कसं सांगणार? असू शकेल. नक्की नाही सांगता येत."

हाताचं प्लास्टर सुटल्यावर बाबा आणि मावशी गावी गेले. परत आल्यावर मावशीने मला मोरीशी बसून सगळं सांगितलं.

बाबांची आई पडवीत बसली होती. बाबा तिच्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "आये, बापानं जीव दिला न्हाय. त्येला इहीर दिसलीच न्हाय. त्येचं डोळं गेल्यालं, माझ्यागत."

म्हातारीने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "नक्की?"

"नक्की. डॉक्टरनं लिवून दिलंय." आणि त्यांनी खिशातून कागद काढून तिच्या हातात दिला. मावशीने तो ओळखला. त्यांच्याच थेंबांची चिठ्ठी होती ती. म्हातारीला वाचता येत नव्हतं. तिने तो कागद दोन्ही हातांनी धरला, उलटा, आणि मांडीवर ठेवून त्यावरून हात फिरवत राहिली. मावशी म्हणाली, तिच्या तोंडातून कसलासा आवाज निघाला, लहान मुलागत, आणि मग ती आख्ख्या वाडीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यांदा रडली.

रडणं थांबल्यावर तिने हात पुढे करून लेकाचा चेहरा चाचपला. डोळ्यांवरून बोटं फिरवली.

"आन् तुला रं? मी दिसते का तुला?"

बाबा थोडे मागे सरकले. मान जराशी डावीकडे केली, मग उजवीकडे, मग थांबले.

"दिसतीस की," ते म्हणाले. "बराबर मधी हायेस."